पाठीवरचा डाग

फुलांच्या दुकानात बसल्या बसल्या लंकाबाईने हाराची शेवटची गाठ मारली, दोरा दातांनी तोडला आणि मान वर केली, तर समोर दीर उभा. पुंजारामला धाप लागली होती.

"वयनी, उठा. आये, तूबी चल. दादा गावला."

शेजारी फुलं निवडत बसलेल्या नवसाबाईच्या हातातला झेंडू तसाच राहिला. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. तिला माणसं दिसत ती धुक्यातल्यासारखी. ती उठायला लागली आणि सुनेने तिला हात दिला.

सिंहस्थाचे दिवस. रामकुंडावर मुंगीला शिरायला जागा नव्हती आणि जिकडे बघावं तिकडे भगवं. मागच्या सिंहस्थातही असाच मेळा भरला होता. लंकाबाईचा नवरा भिमाजी गोसाव्यांच्या जथ्याला फुलं पोचवायला म्हणून मखमलाबादच्या मळ्यातून निघाला आणि त्यांच्यातलाच होऊन गेला. आज येईल, उद्या येईल, करता करता बारा वर्षं सरली. तेवढ्या वर्षांत तिने मळा राखला, दिराचं लग्न लावलं, सासूला सांभाळलं. कपाळावरचं कुंकू मात्र रोज ठसठशीत लावलं. नवरा कुठेतरी आहे, एवढ्या आधारावर ती सवाष्ण होती. पंचवटीतल्या लग्नांना मुंडावळ्या तिच्याच हातच्या जात.

माणूस वाईट होता म्हणावं, तर तेही नाही. भल्या पहाटे मोट हाकताना तो गाणी रचायचा. घरात वडीलधाऱ्यांसमोर बायकोचं नाव घ्यायची चोरी. मग हा गडी ते गाण्यात घालायचा आणि विहिरीवरून सगळ्या शिवाराला ऐकवायचा. नवसाबाई खोपीत बसून बहिऱ्याचं सोंग घ्यायची. लंकाबाई लाजेने गुलछडीच्या ताटव्यात खाली बसायची. ते दिवस आठवले की अजूनही तिच्या हातातलं काम थांबे. इतकं सुख पदरात घालून माणूस उठून जातो कसा, हे कोडं तिला कधी सुटलं नाही.

वाट काढता काढता पुंजाराम बोलत होता. भाऊ गेला तेव्हा तो सात-आठ वर्षांचं पोर होता. आता मोठ्या माणसासारखा खाकरून बोलायचा.

"म्या शास्त्रीबोवांला इचारलं. सन्यास घेतला की मानूस सोताचं पिंड सोताच्या हातानं घालतो म्हने. म्हंजी तो मेलाच. मंग वयनींनी बी..." तो अडखळला. "माझ्या मनात काय नाय, वयनी. पन सासुरवाडीची मानसं बोलत्यात. गोसाव्याची बायको सवाशिनींच्या पंगतीत कशी बसती म्हनत्यात. एकदा कायतरी ठरू द्या."

लंकाबाईने पदर पुढे ओढला, इतका की कपाळ झाकलं गेलं.

गोसावी वडाच्या पाराजवळ एकटाच उभा होता. जटा, राख, खांद्यावर छाटी. हातातल्या काठीवर रेलून तो गोदावरीकडे बघत होता आणि त्याने उजवं पाऊल डाव्या गुडघ्याला टेकवलं होतं.

फुलांना पाणी देताना, वाफा भरेपर्यंत, फावड्यावर रेलून असाच उभा राहायचा तो, बगळ्यासारखा. यावरून लंकाबाईने त्याला किती चिडवलं होतं.

"बगा वयनी," पुंजाराम हळूच म्हणाला. "लोक म्हनत्यात त्योच, पन मला चेहरा नीट याद नाय. तुमी सांगा. दादाच ना?"

गोसाव्याने पाय खाली टेकवला. नजरानजर झाली. त्याने ओळखलं, हे तिला कळलं. आणि ओळखूनही तो जागचा हलला नाही, हेही कळलं. हो म्हणावं तर घरी जाऊन कपाळ पुसायचं, हातातल्या बांगड्या फोडायच्या. नाही म्हणावं तर त्याच्या तोंडावर त्यालाच नाकारायचं. असा राग आला तिला, की तो आपल्या त्या जुन्या सुखावर आला की त्याच्यावर, हे समजेना.

"वयनी?"

तेवढ्यात नवसाबाई पुढे झाली. चाचपडत तिने गोसाव्याचा हात धरला. बोटं, मनगट, कोपर, दंड, असं करत करत तिचा हात खांद्यापर्यंत गेला आणि तिथे बराच वेळ राहिला.

"कुनाचा रं तू, बाबा?"

"कुनाचा न्हाई, माई."

म्हातारीने हात काढून घेतला.

"पुंजा, मला काय दिसत नाय, तूच बघ," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "माझ्या भिमाच्या पाठीवर डाग व्हता. जन्माचा. खांद्याखाली, जांभळाएवढा. हाय का?"

गोसावी म्हातारीकडे बघत राहिला. मग सावकाश त्याने खांद्यावरची छाटी काढली आणि पाठ फिरवली. पुंजारामने पुढे होऊन बोटाने राख पुसून पाहिली.

"नाय, आये. साफ हाय पाठ."

"मंग ह्यो दुसराच कुनी. चल."

"म्हाराज, माफी करा," पुंजाराम ओशाळून म्हणाला आणि पाया पडला.

लंकाबाई जागच्या जागी उभी होती. लग्नानंतरच्या प्रत्येक दिवाळीला तिने ती पाठ तेल-उटणं लावून चोळली होती. डाग कसला, तिच्यावर तीळसुद्धा नव्हता कधी.

गोसाव्याने छाटी पांघरली आणि त्र्यंबकच्या वाटेला लागला. घटकाभरात भगव्यात भगवं मिसळून गेलं.

पुंजारामला मळ्यात परत जायचं होतं. जाताना तो म्हणाला, "वयनी, मनावर घेऊ नका. आता कुनी बोललं तर मी बघतो." त्याच्या तोंडावर सुटल्याचं समाधान होतं. पोरगा मनाने खरंच वाईट नव्हता.

दोघी पुन्हा दुकानाशी येऊन बसल्या. गिऱ्हाइकं आली, हार घेऊन गेली. लंकाबाईला कितीदा वाटलं, आत्याबाईंचे पाय धरावेत, पण चार माणसांत ते कसं करणार? ती नुसती गाठीमागून गाठी मारत राहिली. नवसाबाई खाली मान घालून झेंडू निवडत होती आणि चांगली चांगली फुलंही बाजूला टाकत होती.

बऱ्याच वेळाने गर्दी पांगली. तेव्हा म्हातारी सुनेकडे थोडी सरकली.

"लय वाळलाय का गं?"

लंकाबाईला त्याच्या बरगड्या एक-एक मोजता आल्या असत्या.

"नाय, आत्याबाई," ती म्हणाली. "अंगानं चांगले हायेत."