एकतीस अंशांची बशी

शोधनिबंधावर शमिकाचं नाव माझ्या नावाआधी छापून येणार, असं आमच्या प्रयोगशाळेच्या योगीराज सरांनी सोमवारी सांगितलं आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. खरं तेच सांगते, लपवून काय करायचंय? पाच वर्षं मी झेब्रा माशांची अंडी सूक्ष्मदर्शकाखाली धरून मान मोडून घेतली. ही बाई आठ महिन्यांपूर्वी पुण्याहून आली, एकाही माशाला हात न लावता लॅपटॉपवर समीकरणं मांडली, आणि पेपर तिचा. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

आमचं काम तसं सोपं आहे. माशाच्या गर्भात जिथे पुढे मणके व्हायचे असतात, तिथे ठरावीक वेळाने एकेक खंड पडत जातो. पेशीतलं एक जनुक चालू होतं, त्यातून प्रथिन बनतं, आणि तेच प्रथिन जनुकाला बंद करतं. प्रथिन विरलं की जनुक पुन्हा चालू. गच्चीवरची टाकी भरली की मोटर बंद, उतरली की चालू, तसंच. एका फेरीला एक खंड. ऊब वाढली की फेरी लवकर संपते. किती लवकर, ते शमिकाच्या समीकरणाने सांगायचं आणि मी मोजून बघायचं.

माझे सगळे आकडे तिच्या रेषेवर बसले, फक्त एका दिवसाचे सोडून. एकतीस अंशांना एकवीस मिनिटांत खंड पडायला हवा होता. त्या दिवशी अंडी ठेवलेल्या तिन्ही बशांत चोवीस लागली. तीन आठवडे डोकं फोडून तिने समीकरणात एक नवं पद घातलं आणि ते हट्टी ठिपकेही रेषेवर आणले. सर हरखले. फार उष्णतेत गर्भातलं घड्याळ वेग वाढवायचं थांबवतं, हा नवाच शोध आहे म्हणाले.

शोध कसला, डोंबल! त्या दिवशी एसीचा झोत थेट बशांवर येत होता. तरी बशा तापवायच्या यंत्रावर एकतीसच दिसत होतं, म्हणून मला शंका आली आणि मी पाण्यात तापमापी बुडवून पाहिली. एकोणतीस. तक्त्यात यंत्राच्या आकड्यापुरता एकच रकाना, म्हणून तिथे एकतीस लिहिलं आणि माझ्या वहीच्या कडेला पेन्सिलीने खरा आकडा. नंतर सांगू म्हटलं आणि राहून गेलं.

पण शमिका अडकली त्याच दिवशी मला ते आठवलं होतं. तिचं कौतुक मला तेव्हापासूनच खुपत होतं, म्हणून मी मूग गिळून बसले. रोज दुपारी ती माझ्या डब्यातलं चित्रान्न खायची, 'अक्का, स्वल्प अजून' म्हणायची, माझ्याकडून शिकलेलं कन्नड मलाच ऐकवायची, आणि मी वाढायची. गुरुवारच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, तिला तोंडघशी पाडायचं मी ठरवलं होतं.

तशी पाडलीही. ती नव्या पदाबद्दल बोलत असताना मी हात वर केला.

"बशीतलं पाणी एकोणतीस होतं."

शमिकाचा चेहरा उतरला आणि मला बरं वाटलं, अगदी मनापासून. मग तिने ते नवं पद खोडलं आणि तिन्ही ठिपके एकतीसवरून एकोणतीसवर सरकवले. ते तिच्या जुन्या, साध्या रेषेवर नेमके जाऊन बसले. सर खुर्चीतून उठलेच. खरं तापमान माहीत नसताना समीकरणाने ते बरोबर धरलं, याहून मोठा पुरावा कोणता, म्हणाले. तिचं नाव होतं तिथेच राहिलं, उलट आणखी पक्कं झालं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, आणि वर मलाच टाळ्या वाजवाव्या लागल्या.

संध्याकाळी ती माशांच्या खोलीत आली. चुकीचं छापून येण्यापासून वाचवलंस म्हणाली, आणि पेपरला जोडायला वहीच्या पानाचा फोटो मागितला. मी बेसावधपणे वही उघडली. पेन्सिलीच्या आकड्याखाली तारीख होती. सवयच तशी.

तिने तारखेवर बोट ठेवलं.

"हे त्याच दिवशी लिहिलंयस."

"हो."

"म्हणजे तीन आठवडे तुला माहीत होतं. आणि रोज मला जेवायला वाढत होतीस."

तिने फोटो काढला, तारीख नीट येईल असा.

पेपर आला. अक्षरा हे माझं नाव दुसऱ्या क्रमांकावर आहे, आणि वहीचं ते पान शेवटी जोडलंय. नोंदी असाव्यात तर अक्षरासारख्या, असं सर नव्या मुलांना ते पान दाखवून सांगतात. शमिका शेजारीच असते, पण कामापुरतंच बोलते. ती मला आता अक्का नाही, अक्षरा म्हणते, आणि डबा खालच्या मजल्यावर जाऊन खाते.