पुरेची नळी

प्रयोगशाळेत ताईंना झाडून सगळे ताई म्हणत. जिने म्हणायला हवं ती धाकटी बहीण मात्र चार वर्षं बोलत नव्हती. ताई सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या पेशी वाढवत आल्या होत्या, आणि घरी त्यांची वाट बघायला साधी कुंडीसुद्धा नव्हती.

विषाणू अंगात शिरल्यावर पहिल्या तीन दिवसांत काय घडतं, ते बघायचं त्यांचं काम. ताटलीत फुप्फुसाच्या पेशी पसरायच्या, विषाणू सोडायचा, मग त्यावर शरीराची फौज सोडायची. फौजेतल्या पेशींची इंग्रजी नावं हातभर लांब. ताईंना मुळातच नावं ठेवायची हौस, म्हणून नळ्यांवर त्यांनी आपलीच नावं लिहिली होती. विषाणू दिसताच गाव गोळा करणाऱ्या त्या 'बोंब'. धावत जाऊन आजारी पेशीचा निकाल लावणाऱ्या त्या 'दांडग्या'. आणि या दोघींना आवरणाऱ्या, त्या 'पुरे'.

पुरे हा आईचा शब्द. बहिणींची जुंपली की आई आतून तेवढंच म्हणायची, आणि दोघी गप्प व्हायच्या.

आई तापाने गेली. तिसऱ्या दिवशी ताई धाकटीला म्हणाल्या, "तू वेळेवर आली असतीस तर आई वाचली असती." जिभेला काही हाड नसतं. पुरे म्हणणारी घरात उरली नव्हती, त्यामुळे ताई आणखी बरंच बोलल्या.

चार वर्षांनी एका सोमवारी ताईंनी ताटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली तर तिच्यातल्या खळग्यांची एक अख्खी ओळ ओसाड. शेजारच्या ओळीतल्या पेशी मात्र ठणठणीत. शुक्रवारी एक ओळ भरून ताई दाढ काढायला गेल्या होत्या आणि दुसरी ओळ नव्या डॉक्टरीणबाईंनी भरली होती.

"बाई, या ओळीत पुरे घातल्या नाहीत का?"

"नाही. नळीवर तुम्हीच लिहिलंय ना, पुरे? मला वाटलं झालं भरून, आता नको."

ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात. चांगलं सुनवायचं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, पण डॉक्टरीणबाई सूक्ष्मदर्शकात डोकावून म्हणाल्या, "कमाल आहे. विषाणू दोन्हीकडे हरलाय. मग इथल्या निरोगी पेशी कशाने मेल्या?"

"आपल्याच माणसांनी मारल्या," ताई म्हणाल्या. "आपल्याला वाटतं, पुरे मागाहून लागतात, भांडण मिटवायला. त्या पहिल्या दिवसापासूनच लागतात."

एवढं बोलून त्या जिन्यात जाऊन बसल्या. त्यांना रडू येत होतं, आणि या वयात जिन्यात बसून रडायची लाजही वाटत होती. त्यांनी धाकटीला फोन लावला. नंबर पाठ होता.

"बोल," धाकटी म्हणाली.

"चूक माझी होती."

मग धाकटी बोलायला लागली. चार वर्षांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. ताईंच्या बोलण्याने रात्र रात्र झोप नव्हती, आईचा फोटो भिंतीवरून उतरवून ठेवला होता, त्या दिवशी आईकडे यायची गाडी चुकली होती. ताईंनी मध्ये एक शब्द काढला नाही. जन्मात पहिल्यांदाच.

"आता का गप्प?" धाकटीने विचारलं.

"तुला उशीर का झाला, ते मी तेव्हा विचारलंसुद्धा नाही. मी तेव्हा..."

"पुरे, ताई," धाकटी म्हणाली. आवाज थेट आईचा. फोन बंद झाला.

सव्वीस वर्षं हाच शब्द नळ्यांवर लिहिणाऱ्या ताईंना तो आता वाचता येईना. भांडण आवरायचं म्हणून म्हणाली, की झालं भरून, आता नको म्हणून? त्या फोन हातात धरून पायरीवर बसून राहिल्या. वरून डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "ताई, नवी ताटली भरायला घेऊ का?"

"घ्या," ताई म्हणाल्या. "पुरे मी घालते."