सेत्तीमिओचा गुडघा

आमच्या बाबांचा, म्हणजे सेत्तीमिओचा, डावा गुडघा इटलीतल्या रोमान्या भागातल्या सगळ्या घाटशर्यतींत प्रसिद्ध होता. तो ठणकला की तासाभरात पाऊस. बावीस वर्षं आम्ही त्याच्यावर टायर ठरवले. ठणकला तर खोल खाचांचे पावसाळी, नाहीतर गुळगुळीत. एकदा गाडी रांगेत लागली की टायर बदलता येत नाहीत, आणि फोन सांगतो ते हवामान खालच्या गावाचं. गेल्या वर्षी आमचा प्रतिस्पर्धी ग्वाल्तिएरो याने फोनवर विसंबून गुळगुळीत टायर लावले आणि चौथ्या वळणावर थेट कुणाच्या तरी कोबीत गेला. तेव्हापासून तोही सकाळी आमच्या तंबूसमोर रेंगाळून बाबांची चाल बघायचा. खरं तर सगळेच बघायचे.

फेब्रुवारीत बाबांचा गुडघा बदलला. आत पोलाद बसवलं. बाबांनी आम्हाला शपथ घातली, बाहेर एक अक्षर बोलायचं नाही. त्यामुळे ते महिनाभर रिमिनीला बहिणीकडे होते, असं आम्ही गावभर सांगितलं. गुडघा गेला हे कळलं तर आपल्याला कोण विचारणार, याची त्यांना भीती होती. ती खरीही होती.

गाडी माझा भाऊ इव्हानो चालवतो, नटबोल्ट मी बघते. शर्यतीच्या सकाळी तो म्हणाला, "बाबा, आता पुढच्या वेळेपासून घरी आराम करा. व्हॅनमध्ये तुमच्या जागी टायरात हवा भरायचा कॉम्प्रेसर ठेवू म्हणतो."

बाबा कॉफी आणायला निघून गेले. मला इव्हानोचा भयंकर राग आला, पण नेमका चाकाचा एक सुटा नट सापडत नव्हता, म्हणून सगळा राग मी त्या नटावर काढला. तंबूतली प्रत्येक पेटी पालथी घातली.

आभाळ भरलं होतं, पण पडेल की नाही ते कळत नव्हतं. तेवढ्यात बाबा कॉफी घेऊन आले. असे लंगडत, की निम्मी कॉफी बशीत.

"पाऊस येतोय," ते मोठ्याने म्हणाले. "जोरदार."

"बाबा, आत लोखंड आहे. लोखंड कसलं ठणकतंय?" इव्हानो कुजबुजला.

"गंजत असेल," बाबा म्हणाले आणि लंगडत पार सुरुवातीच्या रेषेपर्यंत गेले. परत आले ते दुसऱ्या वाटेने, सगळ्यांच्या तंबूंवरून.

इव्हानोने हट्टाने गुळगुळीत टायर लावले. बाकीच्या नऊ गाड्यांवर पावसाळी चढले. ग्वाल्तिएरोने तर काचेचे वायपरही नवे घातले.

एक थेंब पडला नाही. अकरा वाजता ऊन आलं. कोरड्या रस्त्यावर पावसाळी टायरांचं रबर मऊ पडून सोलवटत गेलं, आणि इव्हानो चौदा सेकंदांनी जिंकला. सात वर्षांत पहिल्यांदा.

मी तंबूत आले तर बाबा बूट काढत होते. डाव्या बुटातून माझा नट पडला.

"सकाळपासून मी हा शोधतेय," मी म्हणाले.

"काय करू, नीवेस? सवय मोडली ना. मधेच कुठल्या पायाने लंगडायचं तेच विसरायचो."

इव्हानो मागेच उभा होता. तो नटाकडे बघत राहिला. "आणि मी तुमचं ऐकलं असतं तर?"

"पोलाद बसवल्यापासून ऐकतोयस कुठे?"

 तेवढ्यात ग्वाल्तिएरो आत आला. बाबांनी नट मुठीत लपवला.

"काका, राग मानू नका," तो म्हणाला, "पण तुमचा गुडघा आता कामातून गेला. बोलोन्यात माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचा डॉक्टर आहे. नवा बसवून घ्या."

"ऑपरेशनची भीती वाटते रे," बाबा म्हणाले.

ग्वाल्तिएरोने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, थोडा वेळ धीर दिला आणि गेला.

इव्हानो बाबांसमोर उकिडवा बसला. त्याने त्यांचा बूट उचलून आत फुंकर मारली, पायात घातला आणि नाडी बांधून दिली. "पुढच्या रविवारी लंगडायचं की नाही?"

"ते सकाळी बघून सांगेन," बाबा म्हणाले.

पुढच्या रविवारी व्हॅनमध्ये बाबा आपल्या जागेवर होते आणि कॉम्प्रेसर माझ्या मांडीवर होता.