पाडव्याला रुजू

सुतळी आखूड होती. खिडकीच्या गजाला बांधलेलं पेन कागदाच्या वरच्या निम्म्यापर्यंत यायचं, खालच्या ओळींवर नाही. म्हणून आश्रुबा कागदच वर सरकवत होता, आणि सरकवताना तळव्याचा चिकटपणा कागदाला लागत होता… सकाळी धुरपदानं तळव्यावर दही-साखर ठेवली होती. चाटून, धोतराला पुसून, बोरीहून परभणीपर्यंत एसटीचा दांडा धरून आला तरी चिकटपणा गेला नव्हता.

"आज आमुशा हाय. उंद्या जावा," ती म्हणाली होती.

"उंद्या अर्जाची मुदत सरली."

लग्न झाल्यापासून तिथीच्या बाबतीत त्यानं तिचं म्हणणं पहिल्यांदाच मोडलं. ती रागावली नाही, फक्त दही घेऊन आली. साखर जरा जास्तच होती…

कागदावरच्या शेवटच्या दोन ओळी खिडकीपलीकडच्या राजेश्री मॅडमनी हातानं आखून दिल्या होत्या. रुजू होण्यास विलंबाचे कारण.

"हुकूम शनिवारचा, बाबा. एकोणतीस ऑक्टोबर. तुम्ही हजर झालात दिवाळीच्या पाडव्याला, तीन नोव्हेंबरला. मधे काय झालं ते लिहा. तुमच्या हातानं."

"मंग जुनी पेन्शन मिळंल का?"

"ते मला कसं सांगता येईल? रिटायर माणसांचं काय करायचं ते अजून स्पष्ट नाही. मी वर पाठवते."

वर. सतरा वर्षं सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होता, त्याआधी एकोणीस वर्षं तिथंच रोजंदारीवर, पण या वरला त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्या वरूनच कायदा आला होता: पाच सालच्या नोव्हेंबरच्या एक तारखेपासून जो लागला त्याला महिन्याची पेन्शन नाही. ती तारीख नेमकी लक्ष्मीपूजनाची. आता नवा निर्णय आला होता, की जाहिरात त्या तारखेच्या आधीची असेल तर जुनी पेन्शन मागता येईल. जाहिरात आधीची होती. हुकूमही आधीचा. फक्त आश्रुबा नंतरचा होता… पेन्शन असती तर आपल्यामागं धुरपदालाही काही येत राहिलं असतं. निवृत्त होताना हातात पडलं ते तिच्या गुडघ्यात आणि घरावरच्या पत्र्यात गेलं. आता ती भिंत धरून चालते, आणि मी गेलो की ती भिंतच राहील तिला.

बाकावर पंडित तंबाखू मळत होता. एकाच हुकुमावर दोघांची नावं होती. पंडित त्याच शनिवारी हजर झाला, त्याला घरात विचारायला कुणी नव्हतं. तो दर महिन्याला पेन्शन उचलतो.

"आरं, ताप आल्ता म्हून लिही की," पंडित म्हणाला. "दवाखान्यातच तर हुतास!"

"ताप न्हवता."

"मंग लिही, बायकूनं मुहूर्त काढल्ता. शनवारी कुणी नवं काम धरीत न्हाई. लिही! वरचे सायेब बी पंचांग बघत्यातच की."

खिडकीमागं कुणीतरी हसलं. राजेश्री मॅडम हसल्या नाहीत.

धुरपदा म्हणालीच होती, साडेतीन मुहूर्तांतला पाडवा हाय, त्या दिशी चढा. आणि आजही ती आल्यागेल्याला सांगते, आमचे ह्ये पाडव्याला चढले म्हून नोकरी टिकली. तो ऐकून घेतो. पाच दिवसांत काय गेलं ते त्यानं तिला कधी सांगितलं नाही. सांगितलं नाही, पण विसरलाही नाही. ती गुडघे धरून बसली की मनात कुठंतरी… तूच, असं यायचं. मग तो उठून तिला तेल आणून द्यायचा.

त्यानं पेन ओढलं. अक्षरं त्याला चाळिशीत आली, सुकेशनी सिस्टरनं औषधांच्या बाटल्यांवरून शिकवलेली. अजूनही प्रत्येक अक्षर उचलून ठेवावं लागतं, झोपलेल्या रुग्णाला गादीवर ठेवतात तसं. 'पत्नीने' असं त्यानं लिहिलं, आणि थांबला.

तिनं सांगितलं तेव्हा तो दारात उभा होता, खिशात हुकूम. मोठ्या बाबूनं तर म्हटलं होतं, आश्रुबा, आत्ता सही कर आणि लाग कामाला. एकोणीस वर्षं हेच ऐकत आलो, आत्ता लाग, आज ये, उद्या येऊ नको. आणि त्या शनिवारी मी म्हणालो, पाडव्याला येतो, साहेब. म्हणजे… घरी यायच्या आधीच म्हणालो. धुरपदाला मग विचारलं, ती काय म्हणणार हे माहीत असून विचारलं. ते पाच दिवस मी बोरीत हिंडलो, दाढी केली, पारावर बसलो, कुणाचा बेडपॅन उचलला नाही. कागद खिशात होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकार माझी वाट बघत होतं. मला ते सोडवेना. सहावा दिवस मिळाला असता तर तोही…

त्यानं 'पत्नीने' खोडलं. एकदा, मग पुन्हा, शब्द वाचता येणार नाही इतकं.

"मॅडम, दोन ओळीत बसंना."

"मग मागच्या बाजूला लिहा, बाबा. जागा आहे. पण लवकर, मला टपाल बांधायचंय."

त्यानं कागद उलटला. मागची बाजू अख्खी कोरी होती, फक्त कोपऱ्यात त्याच्या चिकट अंगठ्याचा डाग. संध्याकाळी ती भिंत धरून दारापर्यंत येईल, विचारील, झालं का काम? मी म्हनत न्हवते का, आमुशाचं जाऊ नका… वीस वर्षं त्यानं दोषाच्या जागी तिचं नाव धरून ठेवलं होतं, त्याच्या आधारानं तो गप्प राहू शकत होता. आता तिथं ती नव्हती. त्या जागी आपलं नाव लिहायचं तर हात उठत नव्हता. आणि सुतळी तर आता ताणलेलीही नव्हती.