दोन पानं मागे

मित्रांनो, पाठीला कापडी पट्टी चिकटवलेला, शेवटची पानं सुटत आलेला हा जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश म्हणजे मी. माझं वजन दीड किलो आहे. मनावरचं ओझं त्याहून जास्त आहे.

माझी पानं शिवून झाल्यावर बांधणी करणाऱ्या कारागिराने मला थोपटलं आणि म्हणाला, "जा, आता शहाण्यांत बस." मी बसलो एका औषधांच्या कारखान्यात, हेडक्लार्कच्या टेबलावर. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. मुख्य कचेरीतून इंग्रजी पत्र आलं की भाऊसाहेब माझ्या मदतीने त्याचं मराठी करून फलकावर लावत. "याच्या पोटात सगळं आहे," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. मी फुगून जात असे.

जेवणाच्या सुट्टीत मात्र मला वेगळ्याच कामाला जुंपत. इंग्रजीत चुगलखोरांना नावं काय थोडी आहेत? गॉसिप, टॅटलर, स्निच, टेलटेल! टायपिस्टबाई एकेक शब्द शोधून एकेकाला चिकटवायच्या. खुद्द त्यांच्या तोंडात तीळ भिजत नसे, ही गोष्ट वेगळी. सगळे हसायचे आणि मीही मनातल्या मनात हसायचो.

बाटल्या भरण्याच्या खोलीत एक मावशी होत्या. बावीस वर्षांची नोकरी, बोलणं मोजकं. एकदा त्यांनी पाहिलं, की मुदत संपलेल्या खोकल्याच्या औषधावर गोदामात नव्या तारखेच्या चिठ्ठ्या लागत आहेत. लहान मुलांचं औषध होतं ते. मावशींनी कुणाजवळ ब्र काढला नाही. सरळ मुख्य कचेरीला पत्र लिहिलं. चौकशी झाली आणि गोदामप्रमुखाची नोकरी गेली.

मग कचेरीचं इंग्रजी पत्र आलं. आमच्या 'व्हिसलब्लोअर' कामगार बाईंचे जाहीर आभार मानावेत, असं त्यात लिहिलं होतं. भाऊसाहेबांनी मला उघडलं. तो शब्द माझ्यात नव्हताच. मी छापला गेलो तेव्हा तो कुणी माझ्यात घातला नव्हता. नुसतं 'व्हिसल' होतं, म्हणजे शिट्टी.

"शिट्टी मारणारी बाई?" भाऊसाहेब गोंधळले. "अहो, हे कसं लिहू फलकावर?"

टायपिस्टबाई तोंडाला पदर लावून हसल्या. "आतलं बाहेर सांगणारी, असंच असणार. 'टेलटेल' बघा ना."

भाऊसाहेबांनी पाहिलं. मी प्रामाणिकपणे अर्थ दाखवला. दुसऱ्या दिवशी फलकावर सुवाच्य अक्षरात लागलं: 'आमच्या चहाडखोर कामगार बाईंचे जाहीर आभार.'

गोदामप्रमुखाच्या माणसांना आयतंच कोलीत मिळालं. "आल्या बघा चहाडखोर," म्हणत बायका डबा उचलून दुसरीकडे बसू लागल्या. भाऊसाहेबांनी चार दिवसांनी कागद काढला, पण फलकावरून निघालेला शब्द लोकांच्या तोंडातून निघाला नाही. मावशींनी महिना काढला आणि राजीनामा दिला. मला फार वाईट वाटलं, मित्रांनो. पण शब्दकोशाला स्वतःहून बोलता येत नाही.

तीन वर्षं गेली. टेबलावर संगणक आला आणि मी कपाटावर गेलो. एकदा वीज गेलेली असताना रखवालदाराच्या इंग्रजी जाहिरातीचं मराठी करायला भाऊसाहेबांनी मला खाली काढलं. 'वॉचमन' काढला. तिथे छापलेलं होतं: 'पहारेकरी, जागल्या, धोका दिसताच लोकांना जागं करणारा.' त्यांनी ती ओळ बोट ठेवून पुन्हा वाचली. मग त्यांनी दोन पानं उलटली. पुढे 'व्हिसल' होतं.

संध्याकाळी मला पिशवीत घालून ते मावशींच्या घरी गेले. मावशी दारात भाजी निवडत होत्या.

"मावशी, चूक झाली. तुमचा शब्द हा होता," म्हणत त्यांनी पान समोर धरलं.

मावशींनी हात पुसले आणि सावकाश वाचलं. "जागल्या. चांगला आहे हो शब्द." मग त्यांनी पान हलकेच सरळ केलं. "पण भाऊसाहेब, तुम्ही मला बावीस वर्षं ओळखत होता. मग माझा अर्थ पुस्तकात कशाला शोधलात?"

भाऊसाहेबांनी मला हळूच मिटलं. मित्रांनो, मला धुळीत ठेवा, माझी पानं सुटू द्या, माझी तक्रार नाही. पण एखाद्या माणसाला शब्द चिकटवण्याआधी मला मिटा आणि त्या माणसाकडे नीट बघा.