बोरखेडीचा ठराव

प्रश्नोत्तरांचा तास अजून संपला नव्हता, तोच शिपायानं माणिकबाईंच्या बाकाशी वाकून सांगितलं, “बाई, साहेब बाहेर बोलावून राहिले.”

साहेब म्हणजे त्यांचे यजमान, किसनराव. ते लॉबीत येरझारा घालत होते. माणिकबाई दिसताच म्हणाले, “निंगाली तुही चिठ्ठी! शुक्रवारी पयला ठराव तुहाच.”

विधानसभेच्या अधिवेशनात शुक्रवारची दुपार आमदारांच्या ठरावांसाठी राखलेली असे. पण मागणारे फार, म्हणून चिठ्ठ्या टाकून क्रम लावत. निवडून आल्यापासून त्यांचं नाव एकदाही वर आलं नव्हतं.

“जाईबाईले निरोप धाडा,” त्या म्हणाल्या. “म्हना, शुक्रवारी पॅसेंजरनं या, संग बाया घेऊन. वर गॅलरीत बसवतो मी तुमाले.”

“त्या बायांले कायले तकलीफ?”

“दवाखाना त्याईच्यासाठीच मांगून राहिली ना मी?”

किसनराव हसले. “धाडतो. जाय तू आत, मंत्री उत्तर देऊन राहिले.”

खरं म्हणजे ही आमदारकीची खुर्ची किसनरावांची होती. चांदूर रेल्वेकडच्या गावांत पक्षाचं काम त्यांनीच उभं केलं होतं. सभा असली की सतरंज्या अंथरण्यापासून पाहुण्यांना बडनेऱ्याच्या गाडीत बसवून देण्यापर्यंत सगळं तेच करत. बासष्टच्या निवडणुकीत तिकीट त्यांनाच मिळणार हे गावागावांत ठरल्यासारखं होतं. ऐन वेळी वरून हुकूम आला, या जागेवर बाई पाहिजे. किसनरावांनी रात्र तळमळत काढली आणि सकाळी माणिकबाईंना म्हणाले, “तू उभी राह्य. खुर्ची एक, मानसं दोन.” भाषण कसं करायचं तेही त्यांनीच शिकवलं. आवाज खाली पडू द्यायचा नाही, पदराशी खेळायचं नाही. माणिकबाई सातवी शिकलेल्या. पहिलं वर्ष त्या किसनराव सांगतील तेवढंच बोलल्या.

बोरखेडीच्या दवाखान्याची मागणी मात्र त्यांची स्वतःची होती. जाईबाईची सून कौशल्या बाळंतपणात अडली, तेव्हा तिला अमरावतीला न्यायला निघालेल्या गाडीत माणिकबाई बसल्या होत्या. आमदारकी तेव्हा स्वप्नातही नव्हती. जाईबाई त्यांच्या शेतात कापूस वेचायला येई, एवढीच ओळख. बौद्ध वस्तीतल्या घरी कुणब्याची सून अंगणापर्यंत जाई, पुढे नाही; पण त्या दिवशी कोणी पुढचं-मागचं पाहिलं नाही. नाल्यात गाडी रुतली. कौशल्याचं डोकं माणिकबाईंच्या मांडीवर होतं. बैल सुटेपर्यंत ती बोलत होती, मग बोलायची थांबली. मूल पोटातच गेलं.

मंगळवारी समितीची सुनावणी होती. अकोल्याच्या जठारपेठेतून आलेली माणसं नळाच्या पाण्याबद्दल तक्रार करत होती आणि अधिकारी प्रत्येक प्रश्नाला “तपासून सांगतो” म्हणत होते. बुधवारी एका विधेयकावर मतदानच मतदान. घंटा वाजली की सगळ्यांनी धावत आत जायचं, प्रतोद खूण करील तसं ‘होय’ म्हणायचं. मधल्या वेळेत मतदारसंघातली माणसं येत. कोणाची बदली, कोणाची विहीर. या सगळ्यात माणिकबाई मनातल्या मनात आपलं भाषण घोळवत होत्या.

गुरुवारी दुपारी मंत्र्यांनी बोलावलं. त्या दालनात शिरल्या तेव्हा किसनराव आधीच तिथे बसलेले होते. समोरचा चहा अर्धा संपलेला.

“या, माणिकबाई,” मंत्री आपुलकीनं म्हणाले. “तुमच्या ठरावाबद्दलच चाललं होतं. मागणी रास्त आहे. पण ठराव मताला गेला की सरकारला विरोधच करावा लागतो. आज तुमच्या तालुक्याला दिलं की उद्या शंभर तालुके उभे राहतील. तुम्ही असं करा, भाषण मनसोक्त करा, मी सहानुभूतीनं उत्तर देतो आणि तुम्ही ठराव मागे घ्या. दवाखाना तुमचाच. माझा शब्द.”

माणिकबाईंनी किसनरावांकडे पाहिलं. “तुमी काय म्हन्ता?”

“एवढा मोठा मानूस शब्द देऊन राहिला, आनखी काय पायजे? म्या सगळं बोलून घेतलं हाये.”

माणिकबाईंनी होकारार्थी मान हलवली. आजवर किसनरावांचा सल्ला कधी वाया गेला नव्हता.

शुक्रवारी जाईबाई आली. पांढरं स्वच्छ लुगडं, बरोबर वस्तीतल्या आणि गावातल्या मिळून दहा-बारा बाया. गॅलरीच्या पायऱ्या चढताना ती माणिकबाईंना म्हणाली, “जयभीम, बाई. आज आयकाले आलो तुमचं.”

माणिकबाई उभ्या राहिल्या आणि घोळवलेलं भाषण विसरल्या. मग त्यांनी रुतलेल्या गाडीची हकिगत सांगितली. कौशल्या शेवटी शेवटी काय बोलत होती तेही सांगितलं. घरी कवाडाला कडी लावली की नाही, एवढंच ती पुन्हा पुन्हा विचारत होती. सभागृहात नेहमी चालणारी कुजबुज थांबली. वर गॅलरीत एक बाई हुंदका देऊन रडली.

मंत्र्यांनी उत्तर दिलं. “सरकारला या प्रश्नाची पूर्ण जाणीव आहे. सहानुभूतीपूर्वक विचार केला जाईल. माननीय सभासदांनी ठराव मागे घ्यावा, अशी माझी विनंती आहे.”

तेवढ्यात विरोधी बाकावरून देवराव उठले. अकोल्याचे वकील, पांढऱ्या मिशा, आवाज खणखणीत. “अध्यक्ष महाराज, ठराव मताला टाका. आम्ही सगळे बाईंच्या बाजूनं मत देऊ. त्यांच्या पक्षातलेही देतील. बाई, मागे घेऊ नका.”

समोर प्रतोद, वर जाईबाई, दाराजवळ प्रेक्षकांच्या खुर्चीत किसनराव. किसनरावांनी हळूच मान खाली-वर केली.

“मी ठराव मागे घेते,” त्या म्हणाल्या.

“ठराव मागे घेण्यास सभागृहाची परवानगी आहे?” अध्यक्षांनी विचारलं. देवराव काही क्षण उभे राहिले, मग हरकत न घेता खाली बसले.

बाहेर जाईबाईनं त्यांचे दोन्ही हात धरले. तिला सभागृहातलं शेवटचं काही कळलं नव्हतं. “झालं ना, बाई?”

“झालं,” माणिकबाई म्हणाल्या. “होईन दवाखाना.”

बाया संध्याकाळच्या गाडीनं हसत-बोलत परत गेल्या.

शनिवारी सकाळी कामकाज आटोपल्यावर देवराव त्यांना व्हरांड्यात भेटले. “ताई, एक सांगू? काल तुम्ही कशासाठी मागे घेतलात?”

“शब्द देला साहेबानं. दवाखाना देतो म्हने.”

देवरावांनी चष्मा काढला. “तो दवाखाना बुधवारीच आमच्या अकोला जिल्ह्यातल्या एका आमदाराला दिला. तो पक्ष सोडायच्या गोष्टी करत होता. काल त्यानंच हसत हसत मला सांगितलं. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल. किसनराव होते ना त्या बैठकीत.”

माणिकबाईंना बुधवारची संध्याकाळ आठवली. किसनरावांनी आमदार निवासाच्या खोलीत बसून त्यांना संत्री सोलून दिली होती. शिरा काढून, एकेक फोड. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असं कधी घडलं नव्हतं. किती बरं वाटलं होतं तेव्हा.

त्या खोलीवर आल्या. किसनराव वळकटी बांधत होते.

“बुधवारी तुमी तथी होते?”

दोरीची गाठ मारता मारता त्यांचा हात थांबला. “कोनं सांगतलं?”

“होते का नाई?”

“होतो.”

“मंग मले काहून नाई सांगतलं?”

“सांगतलं असतं तर तू मांगं घेतला असता काय?” किसनराव खाली बसले. “आयक माणिक. दवाखाना आपल्याले भेटतच नव्हता. ते ठरूनच गेलं होतं. मी नाई म्हनलो असतो तरी काय फरक पडनार होता? मंग म्या म्हनलं, आपल्या हाती काईतरी राहू द्या.”

“काय राह्यलं?”

त्यांनी माणिकबाईंकडे पाहिलं नाही. “सदुसष्टचं तिकीट. माह्या नावानं. जवानी गेली माही सतरंज्या उचलण्यात, माणिक. लोकं मले ‘बाईचा मालक’ म्हन्तात. तोंडावर म्हन्तात.”

खाली अंगणात टांग्यांचा आवाज चालला होता.

“मांगतली असती तर म्या खुर्ची तशीच देली असती,” त्या म्हणाल्या. “उठून देली असती. जाईबाईचा दवाखाना काहून इकला?”

किसनरावांनी वळकटीची गाठ पक्की केली.

चांदूरपर्यंत गाडीत दोघं समोरासमोर बसले होते. पुलगाव गेल्यावर किसनराव एकदाच बोलले, “लोकायले इतक्यात काई सांगू नोको. साल-दोन साल विचार चालू हाये म्हनाचं. इसरतात लोकं.”

चांदूरच्या फलाटावर माणसं जमली होती. जाईबाईनं गावभर सांगितलं होतं. एकानं डफ आणला होता, पोरीबाळी हार घेऊन उभ्या. गाडी थांबताच डफ वाजू लागला. किसनरावांनी खाली उतरून हात जोडले आणि हार घ्यायला मान पुढे केली.

“थांबवा ते,” माणिकबाई डब्याच्या दारातूनच म्हणाल्या.

डफ वाजायचा थांबला.

“दवाखाना आपल्याले भेटला नाई. तो दुसरीकडे गेला. म्या ठराव मांगं घेतला, म्हनून कोनाले इचारताबी नाई येत आता.”

गाडी हलू लागली तेव्हा त्या घाईनं खाली उतरल्या. जाईबाई गर्दीतून पुढे आली.

“म्या घरोघर सांगून आलो, बाई. पोटुशा पोरीयले सांगून आलो. तुमीच तं म्हनले, झालं.”

“म्हनलो.”

“कोनं सांगतलं तुमाले मांगं घ्याले?”

सगळ्यांचे डोळे माणिकबाईंवर होते. किसनराव हार हातात धरून उभे होते. त्यांचा चेहरा एकाएकी म्हातारा दिसू लागला होता. त्यांच्याकडे एकदा पाहून माणिकबाई म्हणाल्या, “सांगनारा कोनीबी असो. तोंड माहं होतं.”

माणसं हळूहळू पांगली. जाताना कोणी राम राम केला नाही. किसनराव पक्षाच्या माणसांबरोबर टांग्यात बसले. त्यांनी एकदा हाक मारली. माणिकबाई हलल्या नाहीत, तेव्हा टांगा गेला.

त्या फलाटावरच्या बाकावर बसल्या. थोड्या वेळानं जाईबाई परत फिरली आणि त्याच बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन टेकली. दोघींच्या मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा होती. डिसेंबरचं ऊन पायांवर येत होतं. जाईबाई रुळांकडे पाहत राहिली, माणिकबाईही. दोघींपैकी कोणीच उठून गेलं नाही.