प्रकाश शांत झालाच नव्हता

“बाळ, आधी प्रकाश निम्मा कर, मग बोल.” ओताकार मास्तर प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला हेच सांगत.

मित्रांनो, मी एक जुना प्रकाशमापी आहे. नखाएवढी चकती आणि तिच्यावर काच, एवढाच माझा जीव. चेक देशातल्या मोराव्हिया प्रांतात एका प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षे काढली. प्रकाश कितीही स्थिर दिसला तरी आतून थरथरतो. ती थरथर मोजून खरी सांगायची, हा माझा रोजचा नेम. ती नेहमीपेक्षा कमी करता आली, की त्याला आवळलेला प्रकाश म्हणतात. असे दोन किरण तयार करून ते एकमेकांत गुंतवायचे, यासाठी मास्तरांच्या विद्यार्थिनीने, स्वातावाने, तीन वर्षे घालवली होती. यंदा जमले नाही तर तिची पदवी हातची जाणार होती.

काल थरथरीचा आकडा एकदम खाली आला. सगळे धावत आले. कुणी कोलाच या गोड पावांचे ताट आणले, कुणी माझी डबी थोपटली.

“बाईसाहेब, आता आम्हांला ओळख द्याल ना?” तिचा सोबती रादोवान म्हणाला.

“आधी तो शेवटचा कोलाच खाली ठेव, मग बघू!”

मला मात्र लाज वाटत होती. घाईत तिने लेसर फार वाढवला होता. पोट भरलेल्याच्या तोंडात घास कोंबावा, तसे माझे झाले. थरथर होती तेवढीच होती. ती सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

मास्तरांनी विचारले, “निम्मा करून पाहिलंस का, बाळ?”

“राहिलं, मास्तर.”

“मग हे प्रकाशाने केलं की मापीने, कसं कळणार?”

ती ओशाळली. “सकाळी बघते. चूक निघाली, तर उद्या निकाल मांडायच्या सभेत मीच सांगेन. शब्द देते.”

आज सकाळी तिने माझ्यासमोर करडी काच धरली. मला श्वास घेता आला. प्रकाश निम्मा झाला आणि थरथरीचा आकडा उलट वाढला; म्हणजे काल गप्प झालो होतो तो मी, प्रकाश नव्हे.

“काच काढ ती,” रादोवान हलकेच म्हणाला. “सभा तासाभरावर आहे. म्हातारा विसरलाही असेल.”

तिने काच तशीच ठेवून नवा आकडा वहीत उतरवला.

मित्रांनो, कुणावरही त्याच्या ताकदीबाहेर लादू नका. आणि थकलेला गप्प बसला, तर सगळे ठीक आहे असे समजू नका. एवढेच मागणे.

स्वातावाने लेसर बंद केला, माझ्यावर टोपी बसवली. प्रयोगशाळेतल्या सपाता काढून बूट घातले, वही उचलली आणि ती सभेच्या खोलीकडे निघाली.